उन्हाळा आला की दुपारी पीसी बंद पडतो: एसएमपीएस बदलायचा का कूलर?

आधी आजार सांगतो. एप्रिल लागला की माझा पीसी दुपारी दोन-अडीचला खटकन बंद पडायचा. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, हँग पण नाही, सरळ अंधार, मागनं कोणीतरी वायर उपटल्यासारखा. आणि जून लागून दोन पाऊस पडले की आपोआप नीट. असे सलग तीन उन्हाळे गेले. पहिले दोन दुकानदाराच्या भरवशावर काढले, तिसऱ्याला मल्टिमीटर घेऊन स्वतःच बसलो, तेव्हा कळलं की आजार एक नाहीच, चांगले तीन आहेत, आणि तिघांचं लक्षण एकच असल्यामुळं एक बरा केला की दुसरा पुढं यायचा.

जागा सांगतो कारण अर्धा प्रॉब्लेम जागेचाच आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं मामांचा टॉवेलचा छोटा कारखाना, त्याच्या माडीवर पत्र्याची खोली, तिथं माझं टेबल. मी चादरी-टॉवेलची जकार्डची डिझाइनं करतो. खाली दिवसभर लूम खडखडत असतात आणि सुताची कीस हवेत तरंगत वर येते, टेबल सकाळी पुसलं की संध्याकाळी परत पांढरं. भिंतीला मी एक साधा थर्मामीटर टांगलाय. बाहेर ४२-४३ असलं की खोलीत ३९-४० दाखवतो. हा ४० चा आकडा लक्षात ठेवा, पुढं सगळा हिशोब याच्यावरच आहे.

मशीन २०२१ ला जुळवलेलं, इंटेल आय फाइव्ह १०४००, बॉक्समधला फॅन, आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस (भिंतीतली वीज घेऊन आतल्या पार्टना पुरवणारा डबा, म्हणजेच पॉवर सप्लाय), वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेला. २०२२ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बंद पडलं. दुकानात नेलं, त्यांनी विंडोज फॉरमॅट मारली, रॅम खोडरबरनं घासून परत बसवली, एसी दुकानात दोन दिवस चालवून बघितलं, कुठं काय बंद पडतंय, "ओके आहे साहेब" म्हणून परत दिलं. एसीत चालणारच की वो! घरी आणलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. तेवढ्यात जून आला. मामा म्हणाले, "अरे पाऊस पडला की कीस पण दबतीय आन् तुझं मशीन पण गुमान चालतंय." तेव्हा हसण्यावारी नेलं, पण अर्धं निदान त्या वाक्यात होतं.

२०२३ ला परत सुरू झालं तर दुसऱ्या दुकानदारानं एसएमपीएस गेलाय म्हणून नऊशे रुपयांत दुसरा बसवून दिला, त्याच्यावर ५०० वॅट लिहिलेलं. आठ दिवस बरं चाललं आणि मी पण खूष. पुढच्या दिवाळीत मामेभाऊ पुण्याहून आला, त्यानं कुठनं तरी सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक कार्ड आणलं आणि माझ्या मशीनमध्ये टाकलं, म्हणाला दादा तुझं डिझाइन पण फास्ट चालंल. डिझाइनला काय घंटा फरक पडला नाही, त्याचा गेम मात्र मस्त चालला. मग २०२४ चा मे, त्याची सुट्टी, वर ४३ चं ऊन, आणि मशीन आता दिवसातनं चार वेळा बंद.

आता निदान कसं केलं ते सांगतो, खरेदी नंतर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (मशीनमध्ये काय काय घडलं त्याची नोंदवही) कर्नल पॉवर ४१ अशी एंट्री सापडली की लोक म्हणतात बघ, पॉवर सप्लाय खराब. तसं नसतं. त्या ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट शटडाऊन न होता मशीन गेलं. लाईट गेली तरी ४१ येतो, प्रोसेसर तापून मशीन पडलं तरी ४१, बटण दाबून धरलं तरी ४१. कारण त्यातनं कळत नाही.

मी जे केलं ते अगदी गावठी पण उपयोगाचं निघालं. तोच लोड सकाळी सहाला आणि तोच दुपारी तीनला. सकाळी माझ्या खोलीत २७-२८ असतं. आधी फक्त प्रोसेसरवर लोड टाकायचा, ओसीसीटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात सीपीयू टेस्ट असते, शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवून तापमान आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) बघत बसायचं. मग त्याच्यावर ग्राफिक कार्डचा लोड, नाहीतर सरळ गेमच. अशा चार फेऱ्या. सकाळच्या गारव्यात पण पडत असेल तर उष्णता सोडून द्या, पॉवर, वायरिंग, रॅम, बोर्ड बघा. सकाळी चालून फक्त दुपारी पडत असेल तर काहीतरी तापतंय, आणि ते प्रोसेसरच असेल असं नाही, एसएमपीएस पण तापतो.

माझ्याकडं काय झालं बघा. दुपारी नुसत्या सीपीयू टेस्टला तापमान मिनिटभरात ९९-१०० ला भिडलं आणि क्लॉक खाली घसरायला लागला, मशीन रेंगाळलं, पण बंद पडलं नाही. १०० ही या प्रोसेसरची हद्द आहे, तिथं पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही तापतच राहिला तरच बंद पडतो. गेम लावला तर सकाळी पाऊण तास बिनघोर, दुपारी आठव्या मिनिटाला खटकन. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण, बंद पडल्यावर बटण दाबलं तर काहीच हालचाल नाही. मागचं स्विच बंद करून, पाच मिनिटं थांबून, परत चालू केलं की मगच उठायचं. ही खूण एसएमपीएसची. त्याच्या आतलं प्रोटेक्शन एकदा ट्रिप झालं की मेन सप्लाय तोडल्याशिवाय बहुतेक वेळा ते सुटत नाही. प्रोसेसर तापून पडलेलं मशीन लगेच चालू होतं, फक्त परत लवकर पडतं, आणि काही बोर्ड चालू होताना सीपीयू ओव्हर टेंपरेचर असा मेसेज पण देतात. २०२२ ला मला तो मेसेज दोनदा आलेला, मी एफ वन दाबून पुढं गेलेलो. आता स्वतःलाच काय बोलणार.

म्हणजे दोन आजार ठरले, दोन्ही उन्हाळ्याचे. आधी फुकटातला धरला, कूलिंगचा.

कॅबिनेटचं साईड पॅनल काढलं. वरनं फॅन बरा दिसत होता, थोडी धूळ. पण फॅन सोडवून उचलला तर खाली हीटसिंकच्या (प्रोसेसरची गरमी ओढून घेणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर अख्खं गोल पांघरूण. धूळ नाही हो, कापड! तीन वर्षांची सुताची कीस दाबून दाबून पांढुरक्या नमद्यासारखी झालेली, नखानं उचकटली तर अखंड गोल निघाली, मध्ये फॅनच्या मोटरचं भोक. मामांना दाखवली तर त्यांनी बोटात धरून बघितली आन् म्हणाले, "जीएसएम चांगलाय." (जीएसएम म्हणजे कापडाचं वजन.) हवा त्याच्यातनं जाणार कशी? फॅन नुसता गरगरत होता. शिवाय इंटेलच्या त्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या पुश पिना असतात, त्यातली एक अर्धीच बसलेली होती, एका बाजूनं कूलर किंचित वर. ही पिन मागनं बोर्ड बघितल्याशिवाय कळत नाही, आणि दुकानात घाईत बसवलेल्या मशीनमध्ये हे फार वेळा होतं.

साफ करताना दोन गोष्टी. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं नाहीतर पेन्सिलीनं धरून ठेवा, फुकट गरगरू देऊ नका, बेअरिंग जातं आणि फिरता फॅन उलटी वीज पण तयार करतो. आणि कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर आधी टाकीतलं पाणी काढा, नाहीतर बोर्डावर फवारा बसतो. मग जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवीन थर्मल पेस्ट, पिन नीट. एवढ्यानंच दुपारचा आकडा शंभरावरनं ८४ वर आला. खर्च शंभर-दीडशे रुपये.

८४ म्हणजे चालण्यासारखं, पण मला अजून खाली पाहिजे होतं, कारण कीस परत बसणारच. इथं तो ४० चा आकडा आठवा. हवेचा कूलर असो का लिक्विड, तो खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. पुण्याचा यूट्यूबवाला २५ अंशाच्या खोलीत ६० दाखवतो तेव्हा त्याचा कूलर ३५ अंश चढू देतोय, तोच कूलर आपल्याकडं ४० च्या खोलीत ७५ दाखवणार. त्यामुळं कुठलाही रिव्ह्यू बघा, आकड्यात १५ मिळवा आणि मगच पसंत करा. भारीतलं लिक्विड कूलिंग घेतलं तरी हा १५ जात नाही, आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरला त्याची गरजच नाही. मी १२० मिलिमीटर फॅनचा एक साधा टॉवर कूलर घेतला. घेण्याआधी कॅबिनेटची आतली रुंदी मोजा, हे टॉवर १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात, स्वस्त पातळ कॅबिनेटचं झाकण लागत नाही मग. आणि सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, कुठलं आहे ते बघा. माझं १२०० सॉकेट आणि जुनं ११५१ वगैरे यांच्या भोकांतलं अंतर ७५ मिलिमीटर, एकच ब्रॅकेट चालतं. १२ व्या पिढीपासनं पुढं १७०० सॉकेटला ते ७८ झालं, तिथं जुना कूलर ओढूनताणून बसवू नका. टॉवर बसल्यावर दुपारचा आकडा ७१-७२.

हवेच्या वाटेचं पण बघितलं. पुढनं आत, मागनं आणि वरनं बाहेर. माझ्या कॅबिनेटला पुढं फॅनच नव्हता, दोन टाकले, त्यांच्यासमोर डासांच्या जाळीचा तुकडा लावला, दर पंधरा दिवसांनी काढून झटकतो. कॅबिनेट जमिनीवरनं उचलून स्टुलावर ठेवलं कारण कीस खालीच जास्त लोळते. आणि एक हात जोडून विनंती, पाण्याचा कूलर कॅबिनेटवर रोखून ठेवू नका. मला पण ती अक्कल सुचली होती. ओलसर हवेत कीस चिकटते, पंख्याबरोबर बारीक तुषार पण येतात, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे वाळल्यावर पांढरे डागच. कूलर खोलीसाठी, खिडकीत, दार थोडं उघडं ठेवून.

आता एसएमपीएस. काढला आणि लेबल वाचलं, पहिल्यांदा. तुम्ही पण आज वाचा. वर ठळक ५०० वॅट, खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. सोळा बारं १९२. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोघं जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरनं ओढतात, म्हणजे कामाच्या लाईनवर हा १९२ वॅटचा सप्लाय आहे, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाईनवर दाखवून आकडा फुगवलेला. आणि माझी भूक किती? प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणतात पण टर्बोला थोडा वेळ १३४ पर्यंत जाऊ शकतो, कार्ड १२५, फॅन-डिस्क मिळून अजून तीस-चाळीस. २९०-३०० झाले. तीनशे वॅटचं जेवण, दोनशे वॅटचा आचारी. सकाळी कसंबसं वाढत होता हेच नवल.

पुढचं बघून तर अंगावर काटा आला. या कार्डाला आठ पिनचं पॉवर कनेक्टर लागतं, त्या एसएमपीएसला ते नव्हतंच, म्हणून मामेभावानं जुन्या चार पिनच्या मोलेक्सवरनं कन्व्हर्टर लावलेला. त्या मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरीच्या भोकापाशी तपकिरी होऊन बसलेलं, नाकाजवळ नेलं तर करपल्याचा वास. असा कन्व्हर्टर तुमच्याकडं असेल तर आजच काढा. ज्या सप्लायला कार्डाचं कनेक्टरच नाही तो सप्लाय त्या कार्डासाठी नाहीच, एवढं सरळ आहे.

मोजमाप पण केलं. बरेच जण यूट्यूब बघून हिरवी आणि काळी वायर क्लिपनं जोडून फॅन फिरला की सप्लाय ओके म्हणतात. त्यातनं फक्त तो चालू होतो एवढंच कळतं, लोडवर काय करतो ते नाही. मी गेम चालू ठेवून रिकाम्या मोलेक्सच्या पिवळ्या-काळ्यात मल्टिमीटर धरला. १२ ला पाच टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. माझा दुपारी ११.५ वरनं उतरत उतरत ११.२ ला आला आणि गेला. सॉफ्टवेअरमधला व्होल्टेज मात्र तेव्हाही १२ च दाखवत होता, त्याच्यावर जाऊ नका. प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका, आणि एसएमपीएस उघडून बघायची हौस असेल तर ती मारून टाका, आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावर पण काही वेळ राहतो.

नवीन घेताना काय बघितलं. १२ व्होल्टवर किती, हे पहिलं. चांगल्या ५५० च्या सप्लायवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास दिसतं, म्हणजे जवळजवळ सगळे वॅट तिथंच. दुसरं, तो आकडा किती तापमानाला दिलाय. स्वस्तातले २५ अंशाला धरून आकडा सांगतात, बरे ४० ला आणि चांगले ५० ला. आपल्या दुपारी कॅबिनेटच्या आत ४५ च्या वर जातंय, मग २५ वाल्याचा आकडा घेऊन काय करायचं? आतले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर १०५ अंशाचे आहेत का ८५ चे, हे पण (न उघडता, कंपनीच्या माहितीत) बघा. साधारण नियम असा की १० अंश वाढले की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. सोलापुरात सप्लाय लवकर का मरतात याचं कारण शोधायला लांब जायला नको.

तिसरं, एटी प्लस (80 Plus), म्हणजे ओढलेल्या विजेतली किती कामाला लागते याचा शिक्का. ब्रॉन्झ म्हणजे निम्म्या लोडवर ८५ टक्क्यांच्या आसपास. लोकांना वाटतं हे लाईट बिलासाठी, मला ते उष्णतेसाठी पाहिजे होतं. ३०० वॅट द्यायला ८५ टक्केवाला भिंतीतनं ३५३ ओढतो, ५३ वॅट गरमी. ७० टक्केवाला ४२८ ओढतो, १२८ गरमी. फरक ७५ वॅटचा, म्हणजे कॅबिनेटमध्ये एक जुना पिवळा बल्ब कायमचा लावल्यासारखं. आणि मामांनी लगेच विचारलेलं तेच सांगतो, ५५० चा लावला म्हणून मीटर ५५० नं पळत नाही, मशीन मागंल तेवढंच जातं.

मी ५५० वॅटचा ब्रॉन्झ घेतला, पाच वर्षांची वॉरंटी, चार हजाराच्या आत बसला. कॉर्सेअरचा सीएक्स, कूलर मास्टरचा एमडब्ल्यूई ब्रॉन्झ असे त्या माळेतले कुठलेही चालतील, बिल पक्कं घ्या. नुसतं ऑफिसचं मशीन असेल, कार्ड नसेल, तर खरा ४५० भरपूर झाला. आणि मॉड्युलर (केबली सुट्या निघतात तसा) घेतला तर जुन्या सप्लायच्या केबली नव्याला लावू नका, टोकं सारखी दिसतात पण सप्लायच्या बाजूच्या पिनांची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, एका झटक्यात हार्ड डिस्क जाते.

सगळं बसवलं, चार दिवस झकास, आणि पाचव्या दिवशी दुपारी परत खटकन. शिवी आली तोंडात खरं सांगतो. पण या वेळी मशीन लगेच चालू झालं, तापमान ७२, १२ व्होल्ट अगदी स्थिर. कारखान्याचे वायरमन अण्णा वर आले, पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "काय वो भाचे, हे डब्बं का ओरडायलंय?" यूपीएस. मधूनच टीं करायचा, लूमच्या आवाजात मला ऐकूच येत नव्हतं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॅट, त्याच्यावर माझं मशीन आणि मॉनिटर, आणि बॅटरी तीन वर्षांची म्हातारी. दुपारी खाली सगळे लूम चालू असले की व्होल्टेज खाली जायचं, यूपीएस बॅटरीवर उडी मारायचा आणि तिथंच गुडघे टेकायचा. हा तिसरा आजार. खरं तर ही तपासणी सगळ्यात आधी करायची, यूपीएस काढून मशीन एक दिवस थेट भिंतीत लावायचं, पैसा लागत नाही. १००० व्हीएचा घेतला, ६०० वॅटचा.

अण्णांनी जाता जाता न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला तर चांगले ३० च्या वर व्होल्ट. तिथं दोन-तीनच्या वर नको. कॅबिनेटला हात लावला की बारीक मुंग्या यायच्या त्या त्यामुळंच, मी समजायचो पत्र्याची खोली आहे म्हणून. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, माती वीज घेत नाही. तर आता नळाला पाणी आलं की पहिल्या दोन बादल्या खड्ड्याला, मग बाकीच्या टाक्या. मामी अजून विचारते, झाड नाही काय नाही, पाणी कशाला घालतोस रे तिथं.